हतनूरला बास लागतो का? ल्यूरची (नकली आमिषाची) मासेमारी कोणाकडून शिकावी (भुसावळ-जळगाव)

गेटवाला_भुसावळ

नमस्कार मंडळी, मी भुसावळचा, काम शिफ्टचं आहे त्यामुळे कधी सकाळ मोकळी कधी दुपार. सध्या मोबाईलवर अमेरिकेतले बास फिशिंगचे व्हिडिओ बघायचं वेड लागलंय. ते लोक रबराचा बेडूक पाणवनस्पतीवर फेकतात, दोन झटके देतात, थांबतात आणि एकदम पाणी फुटून हिरवट मासा बेडकासकट खाली. बघून बघून मी ऑनलाइन रॉडच मागवला, सात फुटी, मिडियम हेवी लिहिलंय त्याच्यावर, सोबत ३००० नंबरचं स्पिनिंग रील आणि ब्रेड लाइन (विणलेला दोरा). घरचे म्हणतात पैसे पाण्यात, तसं ते बरोबरच आहे म्हणा.

आता विचारायचं असं की हतनूर धरणाच्या फुगवट्यात, म्हणजे चांगदेव-मुक्ताईनगरकडच्या बाजूला, हा बास आहे का? नसला तर ह्या सामानाचं काय करू? आणि मेन म्हणजे शिकायचं कोणाकडून, कारण व्हिडिओतला माणूस बोट, सोनार (पाण्याखालचा मासा दाखवणारं यंत्र), ट्रोलिंग मोटर (बोट हळू चालवणारी) घेऊन फिरतोय आणि मी काठावर चपला घालून उभा. आमच्याकडे जे जुने लोक गळ टाकून बसतात त्यांना काही विचारलं की नुसतं हूं करतात. परवानगी वगैरे लागते का तेही सांगा. मार्गदर्शन करा भो.

---

तापीकाठचा

भो, बास हतनूरला नाही, वाघूरला नाही, गिरणा धरणात नाही, तापीत तर नाहीच. लार्जमाउथ बास हा उत्तर अमेरिकेच्या पूर्व आणि मधल्या भागातला गोड्या पाण्यातला मासा, आपल्या नद्यांमध्ये तो कधी नव्हताच. पण सामान विकू नको. तू जो रॉड घेतलाय तो मरळसाठीच बनवलाय असं समज.

मरळ पण बाससारखीच दबा धरून बसणारी शिकारी. पाणकणसाच्या कडेला, जलपर्णीच्या गादीखाली, बुडालेल्या बाभळीच्या काट्यात ती असते आणि वरून बेडूक, उंदराचं पिल्लू, छोटा मासा काहीही गेलं तरी झेपावते. त्यामुळे अमेरिकेतला तो पोकळ रबरी बेडूक इथं जसाच्या तसा चालतो. त्याचे दोन्ही गळ वर तोंड करून अंगाला चिकटलेले असतात म्हणून गवतात अडकत नाही, माशाने दाबला की मगच टोकं बाहेर येतात. फक्त एक गोष्ट नीट ऐक: पाणी फुटलं की लगेच झटका मारायचा नाही. मरळ आधी नुसता फटका देते, मग तोंडात घेऊन खाली जाते. लाइन चालायला लागली, हाताला वजन कळलं की मग मार, आणि मारला की ढील देऊ नको नाहीतर ती गवतात गुंडाळून घेते आणि तू बस ओढत.

दुसरं म्हणजे मरळ दिसते. ती नुसत्या कल्ल्यांवर जगू शकत नाही, थोड्या थोड्या वेळाने वर येऊन हवा घ्यावीच लागते, नाहीतर गुदमरते. सकाळी पाणी शांत असताना काठावर अर्धा तास नुसता बसून बघ, कुठंतरी डुबुक होईल, गोल उमटेल, दोन बुडबुडे येतील. जागा लक्षात ठेव, त्याच्या पलीकडे फेक आणि हळू त्या जागेवरून आण. डोक्यावर टाकलास तर पळाली. बासवाल्यांना सोनार लागतो, आपल्याला मरळ स्वतः येऊन पत्ता देते.

आणि ते जुने लोक हूं करतात ना, त्याचं कारण आहे. त्यातले निम्मे भोई नाहीतर कोळी, त्यांचं पोट त्या पाण्यावर आहे. तू चकचकीत रॉड घेऊन उभा राहिलास की त्यांना वाटतं हा आला आणि व्हिडिओ काढून उद्या इथं पन्नास पोरं आणणार. आमच्या गावातले एक नाना आहेत, मला पहिले कितीतरी दिवस गळाला हात लावू दिला नाही, म्हणायचे "सावली पानीमा पडू दिऊ नको, पाय आपटू नको, नुसता देख." मी घाई केली की "मासा काय तुना चाकर शे का?" एवढंच. पण ते कधी जागा बदलतात, वारा फिरला की कोणत्या काठाला जातात, बगळे कुठं उभे आहेत ते कसं बघतात, हे सगळं मी त्यांच्या बाजूला बसूनच उचललं, त्यांनी तोंडाने काही शिकवलं नाही.

---

ढेप_आणि_गळ (शिरपूर)

वरच्या भाऊंचं मरळबद्दल सगळं खरं पण नवीन माणसाला थेट ल्यूर देणं मला पटत नाही. हजाराचा बेडूक बाभळीत अडकतो आणि मग पोरगं निराश होऊन घरी बसतं. आधी बांबूची काठी, तंगूस (नायलॉनचा दोरा), लहान गळ, थर्माकोलचा तुकडा आणि गांडूळ. चिलापी धर. चिलापी कुठंही लागते, काठाजवळ लागते, लहान पोरांना पण लागते, आणि त्यातनं हाताला कळतं की टोचतंय कोण, चाखतंय कोण आणि खरं गिळतंय कोण. हे कळल्याशिवाय सात फुटी रॉड काय कामाचा.

मग रोहू-कटला-मृगळ. ह्यात डोकं लावायचं असेल तर एवढं बघ की कटला वरच्या थरात खातो, तोंडच वर वळलेलं असतं त्याचं, रोहू मधल्या पाण्यात आणि मृगळ तळाला. म्हणजे एकाच जागेवर एकाच चाऱ्याने तीन खोलीला तीन वेगळे मासे. आम्ही सरकीची ढेप भिजवून त्यात मक्याचं पीठ आणि थोडी शेंगदाण्याची पेंड घालून गोळे करतो, आदल्या संध्याकाळी जागेवर टाकून येतो आणि सकाळी तिथंच बसतो. आपल्याकडं कापसामुळं ढेप घरात असतेच, म्हैस थोडी कमी खाईल. हाताला साबणाचा वास नको हे आमचे आप्पा सांगायचे, मी ते अजून पाळतो.

जागा म्हणशील तर सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा ह्या तापीच्या बॅरेजच्या वरच्या बाजूला पाणी बाराही महिने बऱ्यापैकी असतं. धुळ्याकडं पांझरेवर जुने फडाचे (गावाने मिळून पाणी वाटायचे) बंधारे आहेत, त्यांच्या डोहात शिकायला चांगलं, पाणी कमी आणि गर्दी नाही. अनेर धरणाला मात्र जाऊ नको, ते अभयारण्य आहे, तिथं गळ काढलास तर मासा राहू दे, रॉड आणि गाडी दोन्ही जमा होतील.

---

चोपड्याचा_दाद्या

अरे बास म्हणजे आपला जिताडाच ना? कोकणात लागतो की. इंग्रजीत त्याला सीबास म्हणतात मी स्वतः पाहिलंय. आणि बासचं बीज मिळत असेल तर शेततळ्यात सोडायला काय हरकत आहे, आमच्याकडे दोन शेततळी आहेत, सगळे मिळून करू.

---

तापीकाठचा

दाद्या, जिताडा वेगळा. तो खाडीचा मासा, खाऱ्या आणि गोड्या पाण्यात ये-जा करतो, कुळच वेगळं आहे. अमेरिकेतला बास सनफिश कुळातला, आयुष्यभर गोड्या पाण्यात.

आणि शेततळ्याचं डोक्यातून काढून टाक. परवानगीशिवाय परदेशी मासा आणता येत नाही हे एक, आणि शेततळं पावसाळ्यात फुटलं की तो नाल्यात, नाल्यातून नदीत. चिलापी १९५२ ला भारतात आणली, आता कोणत्याही तळ्यात बघ काय भरलंय. जपानमध्ये १९२५ ला हौसेपायी अमेरिकेतून बास नेऊन एका तलावात सोडला, तो सगळीकडे पसरला, तिथले छोटे मासे खाल्ले, शेवटी २००५ ला कायदा करावा लागला की जिवंत बास पाळायचा नाही, न्यायचा नाही, सोडायचा नाही. आपल्याला मरळ आहे ना, पुरे.

---

अमळनेरकर_टेक्सासमधून

हा धागा बघून राहवलं नाही. मी मूळ अमळनेरचा, लहानपणी बोरी नदीत टॉवेलने मासे धरलेले, आता बरीच वर्षं टेक्सासमध्ये आहे आणि शनिवारी बासच्या मागे असतो. गेटवालाभाऊ, तुम्ही व्हिडिओत जे बघता ना त्यातला मोठा भाग कापलेला असतो. दिवसभर फेकून फेकून खांदा दुखतो आणि शेवटी दोन मासे, तेच दाखवतात.

इथे शिकायची पद्धत सांगतो. आधी लायसन्स, १७ आणि त्यावरच्या वयाच्या माणसाला ते काढावं लागतं. मग प्रत्येक तलावाचा नियम वेगळा. आमच्याकडे लेक फोर्क म्हणून बाससाठी फार नावाजलेला तलाव आहे, तिथे १६ ते २४ इंचाच्या मधला बास ठेवता येत नाही, पट्टीवर मोजायचा आणि सोडायचा. दिवसाला पाच, त्यात २४ च्या वरचा एकच. कारण सरळ आहे, मधल्या मापाचे मासे वाचले तर तेच पुढे मोठे होतात. १९८६ पासून राज्याचा एक कार्यक्रम आहे, १३ पौंडाच्या वरचा बास लागला की तुम्ही तो त्यांच्या हॅचरीला पैदाशीसाठी देऊ शकता. माझ्या नशिबात अजून नाही.

विक्रमाचं विचाराल तर १९३२ ला जॉर्जियात जॉर्ज पेरी ह्या माणसाने २२ पौंड ४ औंसाचा धरला, म्हणजे दहा किलोच्या आसपास, आणि त्याच्या बरोबरीचा २००९ ला लागला तो अमेरिकेत नाही, जपानच्या बिवा तलावात. वर भाऊंनी जपानचं सांगितलं तेच, ज्यांना तो नको होता त्यांच्याकडे विक्रम.

मला शिकवणारे एक रिटायर्ड आजोबा आहेत, ट्रक चालवायचे. पहिल्या दिवशी त्यांनी माझी ल्यूरची पेटी उघडली, बघितली आणि त्यातला एक प्लास्टिकचा किडा आणि एक बुलेट शिसं काढून बाकी पेटी गाडीत ठेवायला लावली. टेक्सास रिग म्हणतात त्याला, शिसं पुढे, ऑफसेट गळ (मानेला वाक दिलेला), आणि गळाचं टोक किड्याच्या पोटातच लपवलेलं, म्हणजे झाडाझुडपात कुठेही टाका, अडकत नाही. महिनाभर एवढंच. म्हणाले तळाला दगड आहे की चिखल की लाकूड हे लाइनवरून सांगता आलं पाहिजे, मासा नंतर. चिखलात ओढ मऊ जड लागते, दगडावर टक टक येते, लाकडावर चढतो आणि पलीकडे पडतो. एकदा हे बोटांना कळलं की तळ डोळ्यांनी बघितल्यासारखा वाटतो. मी तर म्हणतो हा किडा मरळला पण चालेल, उन्हाळ्यात पाणी उतरतं आणि ती खोल डोहात जाते तेव्हा बेडकापेक्षा हाच करून बघा.

एक सांगायचं राहिलं. बास वसंतात, पाणी साधारण १५-१८ अंशाच्या वर जायला लागलं की विणीला येतो. नर शेपटीने तळ साफ करून घरटं करतो आणि अंडी-पिल्लं राखतो, त्या वेळी जवळून काहीही गेलं की हल्ला करतो. त्यामुळे तेव्हा तो धरणं सोपं, आणि त्यावरून इथे काठावर भांडणं पण होतात. धरून सोडायची सवय इथं लावली ती स्पर्धावाल्यांनी, १९७२ च्या सुमाराला रे स्कॉटने आपल्या बास स्पर्धांमध्ये मासे जिवंत ठेवून परत सोडायला सुरुवात केली, त्याआधी सगळे तळून खायचे. आपल्याकडे लोक मला म्हणतात, धरून सोडतोस? मग धरतोसच कशाला. आईला अजून समजावतोय.

---

ढेप_आणि_गळ (शिरपूर)

आईंचं बरोबर आहे 😄

---

नवापूरची_ताई

मी गळवाली नाही पण दोन शब्द. आमच्याकडं उकाईचं पाणी नवापूर तालुक्यात येतं, धरण गुजरातमध्ये १९७२ ला झालं, फुगवटा आमच्या गावांवर. इथल्या आदिवासी बाया बारीक मासे आणि झिंगे धरतात, हातातली जाळी आणि बांबूच्या टोपल्या, कंबरभर पाण्यात, गप्पा मारत. कोणी त्यांना एक्सपर्ट म्हणत नाही पण कोणत्या नाल्याच्या तोंडाला कोणत्या पावसानंतर काय येतं हे त्यांना विचारा. शिकायचं तर पुरुषांकडूनच असं कुठं लिहिलंय.

आणि एक विनंती. अमळनेरच्या दादांनी घरट्याचं सांगितलं ते मरळचंही तसंच आहे. पावसाळ्यात काठाला लालसर नारंगी पिल्लांचा पुंजका फिरताना दिसतो, खाली आई-बाप असतात. तेव्हा बेडूक टाकला की ती हमखास झेपावते आणि पोरं व्हिडिओ टाकतात बघा एका फेकीत मरळ. ती उचलली की तासाभरात बाकीचे मासे ती पिल्लं खाऊन टाकतात. आमच्याकडची म्हातारी माणसं त्या दिवसांत मरळ धरतच नाहीत, श्रावणात तर तसंही अनेक घरांत बंद, कानबाईचे रोट होईपर्यंत कोणी विचारत नाही. पोळ्यानंतर सुरू करा ना, पाणी पण निवळतं.

तंगूस काठावर टाकून येऊ नका. हतनूरला हिवाळ्यात किती पाहुणे पक्षी येतात, पायात अडकून मरतात. तुटलेली लाइन खिशात घालायची, घरी आणायची आणि तुकडे करून टाकायची.

---

गेटवाला_भुसावळ

बाप रे एवढं सगळं! सगळ्यांचे आभार. म्हणजे मरळ फायनल, आणि पोळ्यानंतर. तोपर्यंत चिलापीवर हात बसवतो, ढेपवाले भाऊ तुमचं ऐकतो. पण परवानगीचं कोणीच नीट सांगितलं नाही. आणि धरणाच्या भिंतीजवळ, गेटच्या खालच्या बाजूला खूप मासा असतो म्हणतात तिथं जाऊ का?

---

तापीकाठचा

गेटखाली अजिबात नाही. नीट समजून घे, हतनूरला ४१ दरवाजे आहेत आणि पाणी इथल्या पावसावर ठरत नाही. तापी उगम पावते मुलताईला, बैतूल जिल्ह्यात, पूर्णा येते मेळघाटाकडून, दोन्ही चांगदेवला मिळतात आणि मग धरण. म्हणजे भुसावळला कोरडं ऊन असताना वर मध्य प्रदेशात धो धो पडला की दरवाजे उघडतात. सायरन होतो पण वाळूत बसलेल्या माणसाला पळायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात पाणी गुडघ्याच्या वर. मासा गेटखाली जमतो हे खरं, म्हणूनच माणसं तिथं जातात आणि म्हणूनच बातम्या येतात.

दुसरं, नदीपात्रात शिरून फेकायचं नाही. गिरणा असो की तापी, वाळूउपशाने खड्डे झालेत, वरून पाणी घोट्याएवढं दिसतं आणि पुढच्या पावलाला माणूस डोक्यावर. पोहता येत असलं तरी. काठावरून फेक.

परवानगी अशी: धरणातल्या मासेमारीचा ठेका साधारण एखाद्या मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेकडे असतो, बोटुकली (माशांची पिल्लं) ते सोडतात, पैसे त्यांचे लागलेले असतात. तुला त्यांच्या माणसाला भेटून विचारायचंय, एका गळाला बहुतेक जण नाही म्हणत नाहीत पण न विचारता बसलास तर त्यांना चोरच वाटणार आणि चूक त्यांची नाही. मत्स्यव्यवसाय खात्याचं ऑफिस जळगावला आहे, तिथंही चौकशी कर. भिंत, गेट, पंपहाऊस ही पाटबंधाऱ्यांची हद्द, तिथं बंदीच असते. वाघूरचं पाणी जळगावला प्यायला जातं, तिथं तर जास्तच सांभाळून.

आणि भोई लोकांची जाळी कुठं लावलीत ते आधी विचार. पाण्यावर बाटल्या नाहीतर थर्माकोलचे तुकडे रांगेत तरंगताना दिसले की समज खाली जाळं आहे, तिथं बेडूक टाकला तर गळ जाळ्यात जाणार, जाळं फाटणार, त्याचा दिवस गेला. त्यांच्याकडून अधूनमधून मासा विकत घे, घासाघीस न करता. मग बघ हूं च्या पुढं बोलतात की नाही.

---

अमळनेरकर_टेक्सासमधून

+१. आणि गळाचा काटा, म्हणजे टोकाजवळची जी उलटी नांगी असते ती पक्कडीने दाबून टाका. मासा सोडायला सोपं, आणि स्वतःच्या बोटात घुसला तरी सोपा निघतो. मासा सोडणार असाल तर हात ओले करून धरा, कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो. बासला खालच्या ओठाला अंगठा लावून उचलतात ते व्हिडिओत बघितलं असेल, मरळला तसं करू नका, दात आहेत तिला!!

उन्हाचं काय करता हो तिकडे? मला आठवतं मे महिन्यात अमळनेरला दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसायचं नाही.

---

ढेप_आणि_गळ (शिरपूर)

उन्हाचं काय, आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) ४४-४५ ला जातंय, दुपारी मासा पण खात नाही आणि माणूस पण. पहाटे पाचला पाण्यावर, नऊला घरी. नाहीतर संध्याकाळी. टोपी, उपरणं, पाण्याचा कॅन, आणि सोबत कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. हिवाळ्यात गेलास तर भरीत घेऊन जा आणि त्या म्हाताऱ्या माणसाला पण वाढ, शिकवणीची फी समज. काठावरच्या गवतात बसताना आधी काठीने झोडपायचं, घोणस असते.

---

गेटवाला_भुसावळ

समजलं सगळं. उद्या सुट्टी आहे, आधी नुसता बसून बघून येतो, गळ नेतच नाही. अजून एक बारकी अडचण, काल गच्चीवर रॉड लावून बघितला, बादलीत फेकायची प्रॅक्टिस करत होतो, पण लाइन ओढली की रीलवरची सगळी लाइन स्पूलवरच (लाइन गुंडाळायच्या चकरीवर) गोल फिरते, चकरी मात्र जागेवरच, ड्रॅग (रीलचा ब्रेक) पूर्ण घट्ट केला तरी. रील खराब आलं का? परत पाठवू?

---

तापीकाठचा

रील चांगलं आहे. ब्रेड गुळगुळीत असतो, नुसत्या स्पूलवर बांधला की घसरतो. सगळा काढ, आधी स्पूलवर दहा-पंधरा वेढे साधा तंगूस गुंडाळ, त्याला ब्रेड जोडून परत भर, भरताना ओल्या कपड्यातून ताणून धर.

---

गेटवाला_भुसावळ

तंगूस नाहीये घरात आत्ता. इलेक्ट्रिकची टेप चालेल का खाली?

---

तापीकाठचा

चालेल, एकच वेढा दे.